गावचा उद्योग आणि निसर्गाची ठेव

शेतीला जोडून एखादा उद्योग उभा करावा, असा विचार आज पुष्कळ गावांत चालू आहे. कोठे दूध संकलनाचे केंद्र निघते, कोठे भाजीपाल्याचा गट बनतो, तर कोठे बांबूच्या वस्तू करण्याचे काम सुरू होते. अशा वेळी भांडवल, कर्ज, जागा व बाजारपेठ ह्या गोष्टींची चौकशी सर्वजण करतात आणि ती करावयासच पाहिजे. परंतु एक प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. ह्या उद्योगाला लागणारे पाणी, चारा किंवा लाकूड आपल्या शिवारातून किती मिळेल आणि ते किती वर्षे मिळत राहील?

हा प्रश्न न विचारल्यामुळे काय होते, ते कोरडवाहू भागातील शेतकऱ्यांस ठाऊक आहे. पाऊसमान बरे असते त्या वर्षी कर्ज काढून गाई घेतल्या जातात. पुढे एखादे वर्ष कोरडे जाते. विहिरी पौषातच तळ गाठतात आणि चारा दूरच्या बाजारातून, मिळेल त्या भावाने आणावा लागतो. अखेर जनावरे निम्म्या किमतीस निघतात, दावण रिकामी होते आणि कर्जाचे हप्ते तेवढे शिल्लक राहतात. असा उद्योग बुडाला म्हणजे लोक नशिबाला किंवा बाजाराला दोष देतात. वस्तुतः त्या उद्योगाने आरंभापासूनच निसर्गाच्या मूळ ठेवीला हात घातलेला असतो.

ठेव आणि व्याज हा व्यवहार प्रत्येकास समजतो. बँकेतील रक्कम कायम ठेवून व्याजावर खर्च भागविला, तर ती रक्कम मुलाबाळांस उपयोगी पडते. जमिनीखालचे जुने पाणी, डोंगरावरील गवताची मुळे, बांबूच्या बेटातील कोवळे कोंब व मातीतील सेंद्रिय अंश ही गावाची मूळ ठेव होय. दरवर्षी मुरणारे पाणी, वाढणारे गवत आणि पक्व होणारा बांबू हे तिचे व्याज होय. जो उद्योग केवळ ह्या व्याजावर चालतो तोच टिकतो. मात्र हे व्याज एकट्या शेतकऱ्यास मोजता येत नाही व राखताही येत नाही. एकाने चराई बंद ठेवली आणि शेजाऱ्याने जनावरे मोकळी सोडली, तर डोंगर उघडाच राहतो. म्हणून हिशेब गावाने मांडला पाहिजे आणि तो सर्वांस दिसला पाहिजे. महाराष्ट्रातील तीन गावांनी हे निरनिराळ्या मार्गांनी करून दाखविले आहे. त्यांची माहिती घेण्यापूर्वी हा हिशेब कसा मांडतात, ते पाहू.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडते. हे एक प्रमाण लक्षात ठेवले की पुढील गणित सोपे होते.

उदाहरणादाखल १,००० हेक्टर क्षेत्राचे व ४०० मिलिमीटर पावसाचे एक गाव घेऊ. त्या गावात वर्षाला ४० लाख घनमीटर पाणी पडते. आकडा मोठा वाटतो. परंतु त्यातील बराच भाग उन्हाने व वाऱ्याने उडून जातो, काही पिके व गवत वापरतात आणि काही ओढ्याने वाहून जातो. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात जमिनीखाली जाऊन विहिरींना मिळणारे पाणी साधारणतः पावसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणजे ह्या गावाच्या हाती सुमारे ४ लाख घनमीटर पाणी येते.

आता खर्च पाहू. गावात १,२०० माणसे असून प्रत्येकास दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे २४,००० घनमीटर लागतात. ६०० मोठ्या जनावरांना प्रत्येकी ६० लिटर धरल्यास सुमारे १३,००० घनमीटर होतात. हा खर्च पहिल्या हक्काचा होय. ह्यानंतर पुढील वर्षाच्या चिंतेसाठी काही पाणी राखून ठेवले, तर सिंचनासाठी सुमारे ३ लाख घनमीटर उरतात.

ऊस घेतल्यास पावसाचा वाटा सोडून विहिरीतून हेक्टरी १५,००० घनमीटर पाणी सहज जाते. त्या हिशेबाने ३ लाख घनमीटरांत केवळ २० हेक्टर ऊस होईल. रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला तीन-चार पाळ्या धरून हेक्टरी २,५०० घनमीटर दिले, तर तेच पाणी १२० हेक्टरांस पुरेल. पहिल्या रीतीने दहा-वीस घरांचे भागेल आणि दुसऱ्या रीतीने बहुतेक सर्व गावाच्या घरात धान्य व गव्हाणीत कडबा येईल. गावागणिक आकडे बदलतील. जमीन, खडक व पाऊस पाहून ते तालुक्याच्या कृषी कार्यालयातून व भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून दुरुस्त करून घ्यावेत. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

नायगाव : पाण्याची वाटणी माणसागणिक

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळात तेथील शेतकरी व मजूर रस्त्यांसाठी खडी फोडण्याच्या कामावर होते. पुण्यातील एक कारखानदार व अभियंते श्री. विलासराव साळुंखे ह्यांनी ही स्थिती पाहिली. एवढे श्रम पाणी अडविण्याच्या कामी लागले तर पुढचा दुष्काळ सुसह्य होईल, असा विचार त्यांनी केला. पत्नी सौ. कल्पनाताई ह्यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन केली आणि नायगाव येथे देवस्थानची सुमारे १६ हेक्टर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली.

ह्या जमिनीवर त्यांनी उताराला आडवे बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खालच्या अंगास विहीर खोदली आणि तिचे पाणी उपसून वरच्या शेतास दिले. माथ्यावर गवत व झाडे लावली. कमी पावसाच्या प्रदेशातही माती व पाणी जागच्या जागी अडविल्यास शेती उभी राहते, हे ह्या प्रयोगाने दिसून आले.

तथापि, त्यांचे अधिक मोलाचे काम पुढे आहे. पाणी निर्माण झाल्यावर ते कोणास मिळावे, हा प्रश्न त्यांनी गावकऱ्यांपुढे ठेवला. त्यातून ‘पाणी पंचायत’ ही पद्धत उदयास आली. तिचे मुख्य नियम असे होते :

१. योजना एकट्यादुकट्यासाठी न घेता गटासाठीच घ्यावी.

२. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठेवता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात ठेवावा. प्रत्येक माणशी अर्धा एकर व एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर भिजेल एवढेच पाणी द्यावे.

३. भूमिहीन कुटुंबासही पाण्यावर हक्क असावा.

४. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नसावा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाऊ नये.

५. ऊस, केळी ह्यांसारखी बारमाही पिके ह्या पाण्यावर घेऊ नयेत.

६. योजनेच्या खर्चाचा एक-पंचमांश भाग लाभधारकांनी स्वतः भरावा.

ह्या नियमांची हिशेबाशी असलेली सांगड ध्यानात घेण्यासारखी आहे. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. तेवढ्या क्षेत्रावर वर्षभरात ५०० मिलिमीटर जाडीचा थर बसेल एवढे पाणी दिले, तर ते १,००० घनमीटर होते. हंगामी पिकांना एवढे पाणी भागते, उसाला भागत नाही. म्हणजे बारमाही पिकांची बंदी आणि माणशी वाटणी हे दोन नियम एकमेकांवाचून उभे राहू शकत नाहीत. एकाने ऊस लावला की दोघातिघांच्या वाट्याचे पाणी त्याच्या सरीत जाते.

खर्चाचा वाटा स्वतः भरण्याच्या नियमाचेही महत्त्व आहे. ज्या पंपासाठी शेतकऱ्याने पदरचे पैसे घातलेले असतात, तो बिघडला तर दुरुस्तीसाठी तो सरकारी माणसाची वाट पाहत बसत नाही. पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यासाठी गटाने नेमलेला पाटकरी असे व त्याचा पगार गटच देत असे. श्री. साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. पाणी ही सर्वांची मालमत्ता आहे, ही त्यांची शिकवण पुढील काळात पाण्याविषयीच्या चर्चेत पुनःपुन्हा आधारास घेतली गेली.

हिवरे बाजार : आधी गवत, मग गाय

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील गाव. तेथे सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास आहे. १९७२ नंतरच्या काळात डोंगर उघडे झाले, विहिरी आटल्या, दारू व भांडणे वाढली आणि कामासाठी गाव सोडणाऱ्यांची संख्या वाढली. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार हे पदवीधर तरुण सरपंच झाले. पुढे १९९४ मध्ये शासनाच्या आदर्श गाव योजनेत ह्या गावाचा समावेश झाला.

ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान हे नियम स्वीकारले. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, ओढ्यांवर बांध घातले व झाडे लावली. सिंचनासाठी विंधन विहिरी घ्यावयाच्या नाहीत, ऊस व केळी लावावयाची नाहीत आणि गावची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही, असेही ठरविले.

ह्यातील चराईबंदीचा नियम पाळणे सर्वांत कठीण असते. ज्याच्याजवळ चार शेळ्यांखेरीज काही नाही, त्याला डोंगर बंद झाला म्हणजे पोटावर पाय आल्यासारखे वाटते. गवत वाढू लागल्यावर ते कापून नेण्याची मुभा नाममात्र शुल्क घेऊन दिली गेली. मोकळे जनावर गवत उपटते, खुरांनी जमीन तुडविते व रोपांचे शेंडे खाते. विळ्याने कापलेले गवत मात्र मुळापासून पुन्हा फुटते. म्हणजे चराईबंदीने चारा कमी झाला नाही, तो वाढला आणि गोठ्यात आला.

ह्याच चाऱ्यावर गावचा दुधाचा धंदा उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यास गावात दिवसाकाठी सुमारे १५० लिटर दूध निघे. पुढे ते ४,००० लिटरांच्या घरात गेले. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परत आली. कामाचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. गावाने प्रथम पाणी अडविले, त्यामागून गवत आले व नंतर जनावरे वाढली. पुष्कळ ठिकाणी ह्याच्या उलट घडते. आधी जनावरे येतात आणि मग चाऱ्याचा शोध सुरू होतो.

दुभत्या संकरित गाईला दिवसाला साधारणतः २० ते २५ किलो हिरवा व ५ ते ६ किलो वाळला चारा लागतो. गावात शंभर गाई वाढवावयाच्या असल्यास वर्षाला ७०० टनांहून अधिक हिरवा व सुमारे २०० टन वाळला चारा पाहिजे. तो कोणत्या शेतातून, कोणत्या पाण्यावर व कोणत्या महिन्यात येणार, ह्याचे उत्तर कागदावर लिहिता आले नाही तर गाईंची संख्या कमी करणे हेच शहाणपणाचे होय.

हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा आहे. पाऊस किती पडला व विहिरींत पाणी किती आहे, हे मोजतात. माणसे व जनावरे ह्यांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढतात आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची व उन्हाळी पिके ठरवितात. पाऊस कमी झालेल्या वर्षी जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना फाटा देतात. ह्यामुळे शेतकऱ्याचे संकट पेरणीपूर्वीच कळते. उभे पीक वाळताना पाहण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. श्री. पवार ह्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मेंढा (लेखा) : बांबूचा व्यापार ग्रामसभेच्या हाती

वरील दोन्ही गावे कमी पावसाची आहेत. ठेव राखून व्यवहार करण्याचे तत्त्व भरपूर पावसाच्या वनप्रदेशासही तितकेच लागू पडते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. श्री. देवाजी तोफा व त्यांचे सहकारी, तसेच त्यांच्या कार्याशी दीर्घकाळ जोडलेले कै. मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनी तेथे ग्रामसभा व अभ्यासगट ह्यांची परंपरा रुजविली. गावाचा निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यावयाचा, अशी तेथील रीत आहे.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये ह्या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ह्या कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आहे. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेण्याच्या परवान्याचा प्रश्न काही काळ अडून राहिला. एप्रिल २०११ मध्ये त्यावेळचे केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश ह्यांच्या उपस्थितीत वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तेव्हापासून बांबूची तोड व विक्री ग्रामसभा स्वतः करू लागली. पूर्वी जे लोक दुसऱ्यासाठी मजुरीने तोड करीत, ते आता विक्रेते झाले.

अधिकार हाती आला म्हणजे मोहही येतो. भाव चांगला असता सारे बेट एकदम तोडले तर त्या वर्षी पैसा पुष्कळ मिळतो, परंतु बेट खचते. म्हणून बांबू तोडताना पुढील गोष्टी पाळाव्यात. चालू वर्षाचे व गेल्या वर्षाचे बांबू तोडू नयेत, कारण नव्या कोंबांचे पोषण व आधार त्यांच्यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात तोड करू नये. त्या काळात कोंब फुटतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेऱ्याच्या लगत वर, धारदार हत्याराने तोड घ्यावी, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. संपूर्ण वनाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एकाच भागात तोड करावी, म्हणजे प्रत्येक भागास विश्रांती मिळते. बांबूच्या व्याजाचा हिशेब तो हाच.

कामास आरंभ कसा करावा

गावपातळीवरील कार्यकर्त्याने नव्या उद्योगाचा विषय निघताच लगेच कर्जाचा अर्ज भरावयास बसू नये. एक वर्ष पुढील कामे केल्यास उद्योगाचा पाया पक्का होईल.

पाऊस मोजणे. सरळ बाजूंचा व सपाट तळाचा डबा मोकळ्या जागी, झाडापासून व भिंतीपासून दूर, पक्का बसवावा. पावसाळ्यात दररोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी व डबा रिता करावा. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतात. शक्य असल्यास प्रमाणित पर्जन्यमापक बसवावा.

विहिरींची पातळी मोजणे. शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील दोन-दोन विहिरी निवडाव्यात. मीटरच्या खुणा केलेली दोरी वजन बांधून सोडावी आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहावे. ऑक्टोबरच्या व मेच्या अखेरीस हे मोजमाप अवश्य करावे. मोजणीपूर्वी रात्रभर पंप बंद ठेवावेत. पाऊस सारखाच असूनही मे महिन्यातील पाणी वर्षानुवर्षे खोल जात असेल, तर गाव मूळ ठेव खात आहे असे समजावे.

हिशेब जाहीर करणे. हे आकडे चावडीवरील फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. वहीत बंद राहिलेला आकडा कोणाचेही मन वळवीत नाही.

नियम ठरविणे. ग्रामसभेत स्त्रियांना व भूमिहीनांना आवर्जून बोलवावे. पाणी डोक्यावरून आणणारी स्त्री विहिरीची स्थिती सर्वांत आधी जाणते. ज्यांचे तात्पुरते नुकसान होईल, त्यांची सोय नियमातच करावी. चराई बंद करण्यापूर्वी शेळ्या पाळणाऱ्यांस कापीव गवताचा वाटा ठरवून दिला नाही, तर नियम पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो.

लहान आरंभ करणे. पहिल्या वर्षी वाईट पावसातही पोसता येतील एवढीच जनावरे किंवा तेवढेच क्षेत्र घ्यावे. चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावर कर्जाची मर्यादा ठरवू नये.

काही शेतकरी म्हणतात, “माझ्या शेतात माझी विहीर आहे, मी काय लावावे हे गावाने का सांगावे?” ह्या शंकेस रागाने उत्तर देऊ नये. एकाच खडकातील पाणी सर्व विहिरींत येते, ही गोष्ट त्यांना विहिरींच्या नोंदीवरून दाखवावी. एका विहिरीवर पंप चालू असता शेजारच्या विहिरीची पातळी किती उतरते, हे सर्वांसमक्ष मोजून दाखविल्यास दहा भाषणांचे काम एका दिवसात होते.

ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाचे क्षेत्र व गेल्या तीन वर्षांचा पाऊस किती? त्यावरून पडलेल्या पाण्याचे गणित करा.

२. गेल्या मे महिन्यात गावातील किती विहिरींना पाणी होते? दहा वर्षांपूर्वी किती विहिरींना असे?

३. गावात आज किती जनावरे आहेत? त्यांपैकी किती जनावरांचा चारा गावच्या शिवारात होतो व किती जनावरांचा विकत येतो?

४. नव्या उद्योगाला लागणारे पाणी कोणाच्या वाट्यातून जाणार आहे? त्या माणसाला हे विचारले आहे काय?

५. पुढील वर्षी पाऊस निम्माच पडला, तर हा उद्योग कसा चालेल?

पाचव्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच उद्योगाची योजना ग्रामसभेपुढे मंजुरीस ठेवावी. पाऊस मोजण्याचा डबा मात्र येत्या मृगापूर्वी बसवावा.